रस्त्यावरची रेघ आणि लिलावातील बोली

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथील ख्रिस्टीज या लिलावगृहात मकबूल फिदा हुसेन यांचे १९५४ मधील एक चित्र सुमारे १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर्सना, म्हणजे ११८ कोटींहून अधिक रुपयांना विकले गेले. 'ग्रामयात्रा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या चित्राला मिळालेली ही किंमत तोवरच्या आधुनिक भारतीय चित्रकलेतील सर्वांत मोठी ठरली. वार्ता वर्तमानपत्रांत आली आणि आमच्या परिचयाच्या बैठकींमध्येही तिची चर्चा झाली. चर्चेचा सूर बहुतेक ठिकाणी एकच होता. पंढरपुरात जन्मलेले, मुंबईच्या रस्त्यांवर सिनेमाचे फलक रंगवून पोट भरणारे एक पोर कोठल्या कोठे जाऊन पोहोचले, याचे कौतुक. आणि ते आपल्याकडचे होते, याचा अभिमान.

हा अभिमान आम्हांस परका नाही. सोलापूरच्या गाडीत बसून कुर्डुवाडीस उतरावे आणि तेथून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने पंढरी गाठावी, असा परिपाठ असलेल्या घरांतच आमच्यापैकी अनेकांचे बालपण गेले. पंढरपूर हे नाव कानी पडले की आमची मान आपोआप ताठ होते. परंतु या कौतुकामागे एक गृहीत दडलेले आहे आणि ते तपासून पाहावे असे आम्हांस वाटते. रस्ता हे खालचे स्थान, लिलावगृह हे वरचे, आणि चित्रकाराची यशोगाथा म्हणजे खालून वर जाणे, असे ते गृहीत आहे. हुसेन यांच्या कलेपुरता तरी हा हिशेब बरोबर आहे काय, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे.

रस्त्यावरून बाजारात गेलेल्या चित्रकारांची परंपरा पाश्चात्त्य देशांत गेल्या अर्धशतकात ठळक झाली. न्यूयॉर्कच्या भिंतींवर 'सेमो' या टोपणनावाने आपल्या मित्रासह वाक्ये लिहिणारा ज्याँ मिशेल बास्किया १९८८ मध्ये वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी मरण पावला आणि २०१७ मध्ये त्याचे एक चित्र ११ कोटी डॉलर्सहून अधिक किमतीस गेले. त्याचाच समकालीन कीथ हेरिंग १९८० ते १९८५ या काळात भुयारी रेल्वेच्या स्थानकांवरील जाहिरातींच्या रिकाम्या काळ्या कागदांवर खडूने चित्रे काढीत असे. त्याला भाव आल्यावर लोक ते कागदच काढून विकावयास नेऊ लागले आणि त्याने तो उद्योग थांबविला. इंग्लंडमधील 'बँक्सी' या अनाम चित्रकाराचा प्रसंग तर सर्वश्रुत आहे. २०१८ मध्ये सदबीज लिलावगृहात त्याच्या 'फुगेवाली मुलगी' या चित्रावर सुमारे १० लाख पौंडांची बोली निश्चित झाली आणि तत्क्षणी चौकटीत लपविलेल्या यंत्राने चित्राच्या खालच्या अर्ध्या भागाच्या चिंध्या केल्या. बाजारावरील हा प्रहार बाजाराने मोठ्या आनंदाने स्वीकारला. तीनच वर्षांनी त्याच चिंध्यांना १ कोटी ८५ लाख पौंडांहून अधिक किंमत आली.

हुसेन यांना या मालिकेत बसविताना एक भेद मान्य केला पाहिजे. बास्किया किंवा बँक्सी यांनी कोणाचीही परवानगी न घेता परक्याच्या भिंतीवर लिहिले. हुसेन यांनी मालकाच्या सांगण्यावरून, मजुरी घेऊन फलक रंगविले. एकाचे काम हे बंड होते, दुसऱ्याचे काम ही रोजी होती. मात्र या दोहोंना जोडणारी एक गोष्ट या भेदापेक्षा महत्त्वाची आहे. रस्त्यावरच्या चित्राचा प्रेक्षक चित्र पाहावयास म्हणून आलेला नसतो. तो कामावर निघालेला असतो, भाजी घेऊन परतत असतो, ट्रामच्या खिडकीत उभा असतो. त्याला चित्रकलेचे शिक्षण नसते आणि थांबावयास वेळही नसतो. अशा माणसाला क्षणभर थांबविणे ही रस्त्यावरच्या चित्रकाराची परीक्षा, आणि ती रोज द्यावी लागते. दालनातील चित्रकाराला ती सहसा द्यावी लागत नाही, कारण त्याचा प्रेक्षक अगोदरच थांबावयाचे ठरवून आलेला असतो.

हुसेन ही परीक्षा कशी देत असत, हे समजण्यासाठी हाताने रंगविलेल्या फलकाची रीत ध्यानी घ्यावी लागते. आमच्या पिढीने ती हैदराबादेतही पाहिली आहे. चित्रपटातील एखादे छायाचित्र घ्यावयाचे, त्यावर बारीक चौकटी आखावयाच्या, त्याच प्रमाणात पत्र्यावर किंवा ताणलेल्या कापडावर मोठ्या चौकटी मारावयाच्या, आणि एकेक चौकट करीत हातभर लांबीचा डोळा, माणसाएवढा ओठ उभा करावयाचा. बांबूच्या परातीवर बसलेल्या रंगाऱ्यास आपण काय काढीत आहोत हे संपूर्ण दिसत नाही; ते रस्त्यापलीकडच्या माणसास दिसते. म्हणून जवळचा तपशील सोडून दूरचा आकार मनात धरण्याची सवय हातास लागते. रेघ जाड आणि निःशंक हवी, रंग सपाट आणि एकमेकांस भिडणारे हवेत, कारण पावसात, धुळीत आणि दहा वारांच्या अंतरावरून ते वाचावयाचे असतात. शिवाय चित्रपट उतरला की तोच पत्रा पुसून त्यावर दुसरा नायक चढतो. आपली कलाकृती टिकावी ही अपेक्षाच या धंद्यात नाही.

हुसेन यांचा जन्म १९१५ चा. आई तान्हेपणीच गेली, बालपण होळकरांच्या इंदुरात सरले. तेथेच ना. श्री. बेंद्रे यांच्यासारख्या ज्येष्ठ चित्रकाराने त्यांचा हात ओळखला. १९३० नंतरच्या दशकात ते मुंबईस आले आणि चौरस फुटामागे काही आणे या दराने सिनेमाचे फलक रंगवू लागले. पुढे लहान मुलांसाठी लाकडी खेळणी व फर्निचर यांचे आराखडेही त्यांनी केले. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासमवेत ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सामील झाले, आणि त्यानंतर त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांनी फलकांचा काळ 'संघर्षाचे दिवस' या सदरात घालून मिटवून टाकला. आम्हांस नेमके हेच पटत नाही. तो काळ त्यांच्या चित्रांतून कधीच मिटला नाही.

पुरावा म्हणून दोन चित्रे घेऊ. पहिले 'जमीन', १९५५ मधील. ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळाले आणि आज ते दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. त्याची उंची जेमतेम तीन फूट आणि लांबी अठरा फूट. दुसरे आरंभी उल्लेखिलेले 'ग्रामयात्रा'. तेही तीन फूट उंच आणि सुमारे चौदा फूट लांब. तेरा लहानमोठ्या चौकटींत गावाचे जीवन मांडलेले. घरकामात गुंतलेल्या आणि मुलांना सांभाळणाऱ्या बायका, गाडी, जनावरे, आणि एका चौकटीत उभा असलेला शेतकरी, ज्याचा हात आपली चौकट ओलांडून शेजारच्या चौकटीतील जमिनीपर्यंत पोहोचतो. या चित्रांचे आकारमान विचार करावयास लावणारे आहे. दिवाणखान्यातील भिंतीवर टांगावयाचे चित्र असे बुटके आणि लांब नसते. अठरा फुटांचे चित्र एका जागी उभे राहून पाहता येत नाही. त्याच्या बाजूने चालत जावे लागते. म्हणजे प्रेक्षकास पुन्हा वाटसरू व्हावे लागते. आपल्या तेलंगणातील चेरियाल गावचे नकाशी कारागीर पुराणकथांचा लांबलचक पट चौकटीचौकटींनी लोकांपुढे उलगडीत आले, कोकणात पिंगुळीचे चित्रकथी पोथीचे एकेक पान दाखवीत कथा सांगत आले. त्यांच्या चित्रातही गोष्ट एका दृष्टिक्षेपात संपत नाही. हुसेन यांच्या या दोन चित्रांत फलकवाल्याची जाड रेघ आणि कथेकऱ्याचा पट एकत्र आले आहेत. चौकटी मारून चित्र मोठे करण्याची जी युक्ती रस्त्याने शिकविली, तीच येथे रचनेचे तत्त्व झाली आहे. पुसून टाकावयाच्या आखणीच्या रेघा आता चित्रातच राहिल्या. 'जमीन' या चित्राचे नाते बिमल रॉय यांच्या १९५३ मधील 'दो बिघा जमीन' या चित्रपटाशी जोडले जाते, हेही येथे विसरता येत नाही. चित्रपट आणि रंग हे त्या हाताने एकत्रच शिकले होते.

मग प्रश्न असा उरतो की रस्त्याने शिकविलेले हात अनेक होते. बाजाराने एकच का उचलला? याचे उत्तर शोधण्यास आम्हां हैदराबादकरांना दूर जावयास नको. जुन्या निजामी मुलखातील दोन नावे पुरेत. पहिले सां. मो. पंडित यांचे. १९१६ मध्ये गुलबर्ग्यात जन्मलेल्या पंडितांनी मुंबईत चित्रपटांच्या जाहिराती रंगविल्या, 'फिल्मइंडिया' मासिकासाठी काम केले, आणि पुढे त्यांच्या देवादिकांच्या चित्रांची कॅलेंडरे देशभर घराघरांत लागली. आमच्यापैकी किती घरांतील देव्हाऱ्याशेजारी पंडितांचे राम-सीता होते, हे आठवून पाहावे. कौशल्यात ते कोणापेक्षाही उणे नव्हते. तरीही 'व्यावसायिक' हा शिक्का त्यांच्यावर बसला तो बसलाच, कारण त्यांचे चित्र छापून आठ आण्यांना मिळत होते, आणि जे सर्वांस मिळते त्याला लिलावात बोली लागत नाही.

दुसरे नाव कृष्णाजी हौळाजी आरा यांचे. हे सिकंदराबादजवळच्या बोलारमचे. सात वर्षांचे असताना घर सोडून मुंबईस गेले, मोटारी धुतल्या, घरगडी म्हणून राबले. त्यांच्या हातातील गुण युरोपातून आलेल्या वॉल्टर लँगहॅमर आणि रूडी फॉन लायडन यांनी हेरला, आणि १९४२ मध्ये 'चेतना' उपाहारगृहात त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. हुसेन यांच्यासमवेत तेही प्रोग्रेसिव्ह गटाचे संस्थापक. फुलदाण्या, फळे आणि विवस्त्रा यांची त्यांची चित्रे रंगाने ओथंबलेली असत. १९८५ मध्ये ते मुंबईत वारले. त्यांच्या चित्रांना आज मागणी आहे, परंतु हुसेन यांच्या किमतींच्या आसपासही ती फिरकत नाहीत. बोलारमचा हा मुलगा आमच्याच शहराचा होता, हे आमच्या कितीशा सभांतून बोलले गेले? पंढरपूर सर्वांस ठाऊक. बोलारम दारात असून ठाऊक नाही. किंमत जेथे बोलते तेथेच आमचा अभिमान जागा होतो, अशी शंका यावयास एवढे पुरेसे आहे.

पंडितांजवळ लोकप्रियता होती, आरांजवळ कलावंतांचा गट होता. हुसेन यांच्याजवळ दोन्ही होते, आणि आणखी एक विद्या होती, जी फलकावरच शिकता येते. गर्दीत नजर वेधून घेण्याची ही विद्या. अनवाणी पाय, पांढरी दाढी, हातात काठीएवढा लांब कुंचला, लोकांदेखत भराभर रंगविलेले घोडे. पुढे पुढे हुसेन हे स्वतःच स्वतःचा फलक झाले. हे आम्ही निंदेच्या सुरात लिहीत नाही. ज्या देशात चित्रकाराचे नाव पाच सुशिक्षितांना सांगता येत नसे, तेथे रिक्षावाल्यालाही एका चित्रकाराचे नाव ठाऊक झाले ते यामुळेच. परंतु याचा दुसरा परिणामही निमूटपणे मान्य करावा लागेल. उत्तरायुष्यात त्यांच्या चित्रांतील घोडा हा कित्येकदा सहीसारखा येऊ लागला. फलकावरील नायक चित्रपट बदलला की बदलत असे. बाजाराला मात्र तोच घोडा पुन्हा हवा असतो. रस्ता चित्रकाराला दर शुक्रवारी नवे काही करावयास लावतो, आणि बाजार त्याला त्याची आवडती रेघ गिरवावयास बसवितो, हा या दोन आश्रयदात्यांमधील फरक आम्हांस मूलभूत वाटतो.

या फरकाची साक्ष देणारी हुसेन यांचीच दोन मोठी कामे समोरासमोर ठेवता येतात, आणि त्यांपैकी एक आमच्या शहरात घडले. हैदराबादचे उद्योगपती आणि समाजवादी कार्यकर्ते बद्रीविशाल पित्ती हे नाव जुन्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. 'कल्पना' हे हिंदी मासिक त्यांनी याच शहरातून चालविले, आणि हुसेन यांचा त्यांच्या घरी राबता असे. डॉ. राममनोहर लोहिया यांनी हुसेन यांना धनिकांच्या दिवाणखान्यांतून बाहेर पडून रामायण रंगवावयास सुचविले, असे हुसेन यांनी पुढे अनेकवार सांगितले आहे. त्यानुसार साठनंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी पित्तींच्या आश्रयाने काम आरंभिले. वाल्मीकी आणि तुलसी यांच्यातील भेद समजून घेण्यासाठी त्यांनी काशीच्या पंडितांशी चर्चा केली. आठ वर्षांत सुमारे दीडशे चित्रे झाली, आणि त्यांच्याच सांगण्यानुसार त्यांनी त्याचे मोल घेतले नाही. ही चित्रे बैलबंडीवर चढवून हैदराबादच्या आसपासच्या खेड्यांत नेली गेली आणि गावकऱ्यांना दाखविली गेली. त्या रेषा आधुनिक होत्या, तरी हा हनुमान आणि हा रावण हे ओळखावयास कोणास अडचण पडली नाही, असे हुसेन आवर्जून सांगत.

दुसरे काम २००४ मधील. एका उद्योगपतीने हुसेन यांच्याशी शंभर चित्रांसाठी शंभर कोटी रुपयांचा करार केल्याचे तेव्हा गाजले. विसाव्या शतकाचा पट रंगवावयाचा, असा विषय ठरला. येथे चित्रे रंगविण्यापूर्वी किंमत ठरली होती, आणि ती किंमत हीच वार्ता होती. त्यांपैकी पंचवीस चित्रे पुढे कर्जवसुलीच्या वादात सापडली, वर्षानुवर्षे बंद राहिली, आणि न्यायालयाच्या अनुमतीने जून २०२५ मध्ये मुंबईत लिलावास निघाली. दीडशे चित्रे मोल न घेता काढली, ती धुळीच्या वाटेने खेड्यांत गेली. शंभर चित्रांचे मोल आधी ठरले, त्यांतील पंचवीस तारण म्हणून कुलपाआड गेली. चित्रकार एकच. दोन्ही वेळा हात तोच. यांपैकी वर कोणते आणि खाली कोणते, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचा कौल बैलबंडीस आहे.

'ग्रामयात्रे'ची कथाही या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. १९५४ मध्ये ते चित्र दिल्लीस असलेल्या एका परदेशी शल्यचिकित्सकाने घेतले आणि पुढे ते नॉर्वेतील ऑस्लोच्या रुग्णालयास मिळाले. तेथील एका मार्गिकेत ते कित्येक दशके टांगलेले होते. त्याचे मोल फारसे कोणास ठाऊक नव्हते. चिंतेत बसलेले आप्त आणि घाईत चाललेले डॉक्टर त्याच्यासमोरून ये-जा करीत असतील. आम्हांस वाटते, त्या चित्रास त्याचा खरा प्रेक्षक त्या मार्गिकेत मिळाला होता. चित्र पाहावयास न आलेला, वाटेने जाणारा. लिलावाचे पैसे त्याच रुग्णालयाकडून डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी वापरले जावयाचे आहेत आणि चित्र एका संस्थेने घेतले आहे, एवढे समाधान आहे. बाजाराने नेहमी वाईटच केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. किंमत आली म्हणून चित्रे जपली जातात, त्यांच्याविषयी लिहिले जाते, आणि चित्रकाराच्या मुलांना आण्यांच्या दराने फलक रंगवावे लागत नाहीत. गरिबीचे कौतुक हे पोट भरलेल्यांचे व्यसन असते, आणि त्यात आम्हांस पडावयाचे नाही.

हैदराबादशी हुसेन यांचे नाते रामायणावर संपले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बंजारा हिल्स येथे 'सिनेमा घर' उभारले. त्यात चित्रांचे दालन आणि छोटेसे चित्रपटगृह एका छताखाली होते. फलकवाल्याने आपली दोन्ही दैवते एका देव्हाऱ्यात बसवावीत तसे. २००४ मधील त्यांच्या 'मीनाक्षी' चित्रपटाच्या तीन शहरांत पहिले हैदराबादच. परंतु १९९६ नंतर त्यांच्या काही देवीचित्रांवरून वाद पेटला, खटले गुदरले गेले, निवासस्थानावर हल्ला झाला, आणि २००६ मध्ये नव्वदीच्या या वृद्धाने देश सोडला. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. सिनेमा घरही पुढे बंद पडले.

त्या चित्रांविषयी वाचकांची मते भिन्न असतील, आणि तशी असण्याचा त्यांना अधिकार आहे. ज्यांच्या श्रद्धेस धक्का लागला त्यांचे दुःख खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एक गोष्ट आमच्या मनास डाचत राहिली आहे. जो चित्रकार येथेच, आमच्या शहरात, आठ वर्षे राम रंगवीत बसला आणि ज्याने तो राम बंडीत घालून खेड्यांत नेला, त्याच्याविषयी त्या वर्षांत आम्हांस काहीच सांगावयाचे नव्हते काय? आम्ही ज्या बैठकींत बसत होतो तेथे हा विषय निघाला की कोणीतरी चहा मागवीत असे. आम्हीही त्या चहाचे वाटेकरी आहोत. आज ११८ कोटींची वार्ता वाचून त्याच बैठकीत पंढरपूरचे नाव घेतले जाते, तेव्हा आमची मान ताठ होण्याऐवजी किंचित खाली जाते. अभिमान बाळगावयाचा तर तो बोली लागण्यापूर्वी बाळगावयास हवा होता.

आता हैदराबादच्या रस्त्यांकडे वळू. आमच्या लहानपणी सुलतान बझार, काचीगुडा आणि पुढे आरटीसी चौरस्ता येथील चित्रपटगृहांसमोरचे प्रचंड फलक ही आमची पहिली चित्रशाळा होती. शाळेतून येताना परातीवर चढलेल्या रंगाऱ्याचा ब्रश नायिकेच्या गालावरून कसा फिरतो हे पाहत आम्ही उभे राहत असू, आणि उशीर झाल्याबद्दल घरी बोलणी खात असू. तेलुगू चित्रपटांच्या नायकांच्या त्या तीन मजली आकृती कोणी रंगविल्या? एकाचेही नाव आम्हांस सांगता येत नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी छापील फ्लेक्स आला आणि काही वर्षांतच हा हातधंदा नाहीसा झाला. त्या हातांतील एखादा हात हुसेन यांच्या तोलाचा होता की नव्हता, हे आता ठरविता येणार नाही, कारण पाहावयास काहीच उरलेले नाही. बाजाराने एकास उचलले या कथेची दुसरी बाजू ही आहे. ज्यांना उचलले नाही त्यांचे काम पुसले गेले आणि त्याची नोंद ठेवण्याचे ज्यांच्या हाती होते त्यांनी ती ठेवली नाही.

अलीकडे भिंती पुन्हा बोलू लागल्या आहेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये 'स्टार्ट इंडिया' या संस्थेच्या पुढाकाराने खैरताबादजवळील मक्ता वस्तीत देशी-परदेशी चित्रकारांनी घरांच्या भिंती रंगविल्या. राजभवन आणि नेकलेस रोड यांच्यामधील ही दाटीची, साध्या माणसांची वस्ती आता कलावस्ती म्हणून ओळखली जाते. स्वाती आणि विजय या हैदराबादच्या चित्रकार दांपत्याने काढलेले तेलंगणी स्त्रियांचे ठसठशीत चेहरे तेथे आहेत; मोठे कुंकू, नथ, आणि थेट पाहणारे डोळे. आम्ही ते पाहिले तेव्हा त्या भिंतीखाली एक बाई कपडे वाळत घालीत होती आणि तिने चित्राकडे मुळीच लक्ष दिले नाही, जसे आपण घरातील माणसाकडे देत नाही. यापेक्षा मोठी पावती भिंतीवरच्या चित्रास मिळेल असे आम्हांस वाटत नाही.

तथापि येथेही सावध राहावे लागेल. आजचा भिंतचित्रकार हा बंडखोर नाही आणि फलकवालाही नाही. त्याला रंगाच्या कंपन्यांचे साहाय्य असते, महापालिकेची अनुज्ञा असते, आणि भिंतीचे छायाचित्र जगभर पोहोचून त्यातून दालनाचे आमंत्रण येते. भिंत ही त्याची पायरी होण्याचा धोका आहे. चित्राने वस्ती सुंदर दिसते, परंतु तेथील गटाराचे पाणी चित्राने वाहते होत नाही. काही वर्षांनी रंग उडतो, घरमालक भिंत पाडून मजला चढवितो, आणि चित्रकार एव्हाना दुसऱ्या शहरात असतो. म्हणून या चित्रांचे परीक्षण करताना आम्ही एकच कसोटी लावू. चित्र त्या भिंतीसमोर राहणाऱ्यासाठी काढले आहे, की दूरवरून त्याचे छायाचित्र पाहणाऱ्यासाठी? मक्त्यातील काही चित्रे या कसोटीस उतरतात. काही कोणत्याही शहरातील कोणत्याही भिंतीवर चालली असती.

ही कसोटी आम्ही कोणत्याही ग्रंथातून घेतलेली नाही. ती आमच्या उंबऱ्यातूनच मिळाली. आमच्या घरांतून चैत्रात तुळशीपुढे चैत्रांगण रेखले जात असे. शंख, चक्र, गदा, पाळणा, आंब्याची डहाळी, सारे काही एका हातरुंद चौकात. आणि शेजारच्या तेलुगू घरापुढे पहाटे सडा घालून मुग्गू घातला जात असे, तो आजही घातला जातो. ही रेघ दाराशी येणाऱ्यासाठी असते. दुपारपर्यंत ती पायांखाली पुसली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली जाते. तिला विकणारा कोणी नाही आणि विकत घेणाराही कोणी नाही. म्हणून ती कलेच्या इतिहासात नाही. हुसेन यांच्या हातातील रेघ मुळात या कुळातील होती. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणारी, पुसले जाण्याचे भय नसलेली. ती ११८ कोटींपर्यंत गेली हा तिचा प्रवास झाला. तिची उंची मात्र 'जमीन' आणि 'ग्रामयात्रा' रंगविताना, आणि रामायणाची बंडी खेड्यात शिरताना, अगोदरच ठरून गेली होती.

शेवटी वाचकांस एक विनंती. सुलतान बझार, काचीगुडा, गौलीगुडा, शालीबंडा या भागांत राहिलेल्या जुन्या कुटुंबांकडे लग्नकार्यांची, मिरवणुकांची, रस्त्यांवरची छायाचित्रे असतील. त्यांत मागे कोठेतरी एखादा सिनेमाचा फलक आला असेल. फलकाच्या कोपऱ्यात रंगाऱ्याची लहानशी सहीही असू शकेल. अशी छायाचित्रे शोधून त्यांच्या प्रती आपल्या संस्थेच्या ग्रंथालयात जमा कराव्यात, आणि कोणास एखाद्या रंगाऱ्याचे नाव, गल्ली, दुकान आठवत असेल तर ते लिहून पाठवावे. त्यास बोली लागणार नाही. परंतु पुढे कोणी या शहरातील चित्रकलेचा इतिहास लिहावयास बसला, तर त्याला निदान दोनचार नावे तरी मिळतील.